तळ्याचं पाणी कुठं जातं, ते आधी बघ

दादर, मुंबई

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

लोणावळा आणि मावळातल्या तळ्यांकाठच्या पर्यटनाचा इतिहास लिहायला घेतलास, याचा मनापासून आनंद झाला. तुझा आराखडा सावकाश वाचला. त्यात पारशांचे बंगले आहेत, चिक्की आहे, नागफणी आहे, कार्ले-भाजे आहे. ते सगळं हवंच. पण तळी तू डोंगरांसारखी गृहीत धरली आहेस, जणू ती तिथे पहिल्यापासून होती. वळवण, शिरवता, लोणावळा ही तळी माणसांनी बांधली, आणि बांधली ती आपल्या मुंबईसाठी. तुझ्या पुस्तकाची सुरुवात मला इथून हवी आहे.

मुंबईच्या गिरण्या वाफेवर चालायच्या, आणि त्यासाठी कोळसा लांबून आणावा लागे. घाटमाथ्यावर मात्र चार महिने पाऊस कोसळतो. तो अडवून खाली सोडला तर वीज मिळेल, या कल्पनेवर १९१० मध्ये टाटांची जलविद्युत कंपनी उभी राहिली आणि १९१५ मध्ये खोपोलीच्या वीजघरातून मुंबईला वीज आली. लोणावळ्याच्या कोणत्याही पॉइंटवर जाण्याआधी तू खोपोलीला जा. डोंगरावरून सरळ खाली उतरलेले ते जाड नळ नीट बघ. पाचशे मीटरहून जास्त उंचीवरून पाणी खाली येतं, चक्रं फिरवतं आणि पाताळगंगेत जातं. हेच पाणी एरवी इंद्रायणीतून भीमेला, भीमेतून कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला गेलं असतं. आपण घाटमाथ्याच्या पाण्याची दिशाच बदलली आणि मग रविवारी त्याच्या काठावर कणीस खायला जाऊ लागलो. तुझ्या वाचकाला हे पहिल्या दहा पानांत कळायला हवं.

रेल्वेबद्दल बरंच लिहिलं गेलंय, तेव्हा तिथे फार रेंगाळू नकोस. १८६३ मध्ये बोरघाट खुला झाला, तो बांधताना हजारो मजूर पटकीने आणि अपघातांनी गेले. १९३० च्या जूनमध्ये डेक्कन क्वीन सुरू झाली. एवढं पुरे. त्यापेक्षा एका प्रश्नावर वेळ घालव, कारण त्यावर कुणी धड लिहिलेलं माझ्या वाचनात नाही: पाऊस हा सीझन कधी झाला? साहेब आणि मुंबईचे शेठ थंड हवेसाठी एप्रिल-मेमध्ये घाट चढायचे आणि पाऊस लागायच्या आत उतरायचे. माथेरानची हॉटेलं तर पावसाळ्यात बंदच असत. आज उलट आहे, जूनच्या दुसऱ्या शनिवारपासून लोणावळ्यात गाडी लावायला जागा मिळत नाही. ज्या पावसाला लोक टाळत होते, त्यात भिजायलाच ते येऊ लागले. हा बदल कसा झाला? माझा अंदाज असा की, स्वतःचा बंगला नसलेला, एका दिवसाची सुट्टी असलेला चाकरमानी लोकलने कर्जतपर्यंत आणि पुढे गाडीने यायला लागला तेव्हा. पण हा अंदाजच आहे, तो तपासायचं काम तुझं. आणि ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेही याच इतिहासात येतं. ते तळटीपेत ढकलू नकोस.

आता मुळशी. तुझ्या आराखड्यात तिच्या वाट्याला चार ओळी आल्या आहेत आणि त्याही रिसॉर्टच्या. अगं, १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे शेतकरी तिथल्या टाटांच्या धरणाच्या कामावर जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापटांना लोक ‘सेनापती’ म्हणू लागले ते याच लढ्यामुळे. लढा हरला, भाताची खाचरं बुडाली, आणि मुंबईच्या दिव्यांना आणखी वीज मिळाली. आज ज्या खोलीला ‘लेक व्ह्यू’ म्हणून जास्त भाडं लावतात, तिच्या खिडकीतून दिसतं ते त्या खाचरांवरचं पाणी. मला याची चीड येते आणि तुलाही यावी असं वाटतं, पण लिहिताना चीड बाजूला ठेवून गावांची नावं लिही. नावांत ताकद असते.

पवना धरणाचंही तसंच. तिथल्या तंबूंच्या, बार्बेक्यूच्या जाहिराती तू पाहिल्या असशील. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तिथलं वाघेश्वराचं जुनं दगडी मंदिर वर येतं आणि आजूबाजूची माणसं दर्शनाला जातात. तू तेव्हाच जा, पावसाळ्यात नको. देवळापाशी आलेल्या म्हाताऱ्या माणसांशी बोल. घर कुठे होतं, विहीर कुठे होती, हे ती पाण्याकडे हात करून दाखवतात. वही लगेच काढू नकोस, आधी ऐक. तंबू लावणाऱ्या पोरांशीही बोल, त्यांतली बरीचशी त्याच गावांतली असतात. आजोबांचं शेत गेलं आणि नातू त्याच्या काठावर पाहुण्यांना चहा देतो. त्याला यात काय वाटतं, ते तू ठरवू नकोस, त्यालाच विचार. ९ ऑगस्ट २०११ ला पवनेच्या जलवाहिनीविरोधातल्या आंदोलनावर गोळीबार होऊन तीन शेतकरी गेले, तेही एक्स्प्रेस वेवर. आपण सगळे त्याच रस्त्याने सहलीला जातो.

कागदपत्रांसाठी काळा घोड्याजवळचं पुराभिलेखागार धर. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. तिथे घाई चालत नाही, आठवडाभर हाती काही लागलं नाही तरी चिकाटी सोडू नकोस. १८८५ चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर सोबत ठेव, तळी व्हायच्या आधीचा मुलूख त्यात सापडेल. १९२१ ते २४ च्या ‘केसरी’च्या फाइली बघ. जुन्या मराठी मासिकांतल्या हॉटेलांच्या जाहिरातीही सोडू नकोस, कोण कधी सुट्टीला जाऊ लागलं हे त्यांतून जितकं कळतं, तितकं सरकारी अहवालांतून कळत नाही.

मुळशीचं प्रकरण आधी लिही आणि गणपतीच्या आत मला पाठव. बंगल्यांचं नंतर बघू.

तुझा,
सर