नववीचा भूगोल पाठ होतो पण डोक्यात शिरत नाही : आमच्या घरचा अनुभव

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि बराच वेळ झोप लागली नाही. मुलगा नववीत, प्रथम सत्रात भूगोलात 40 पैकी 13. व्याख्या घडाघडा म्हणतो, पण ऋतू कशामुळे होतात असं साध्या शब्दांत विचारलं की गप्प. शेवटी तुम्ही विचारलंय की नागपुरात मानेवाड्याकडे भूगोलासाठी चांगला क्लास कोणता. तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलीचं हेच चाललं होतं. तिला 12 होते.

मी शिक्षिका नाही, बँकेत नोकरी करते. आम्हाला जे लागू पडलं ते तुमच्या मुलाला पडेलच असं नाही, आणि शाळेतल्या बाई-सर काही वेगळं सांगत असतील तर त्यांचंच ऐका. अक्षवृत्तं, रेखावृत्तं, परिवलन, परिभ्रमण हे सगळं पुस्तकात नीट दिलंय, ते मी परत लिहीत नाही. क्लासबद्दल मात्र लिहिणार आहे, कारण आमचं सगळ्यात मोठं नुकसान तिथेच झालं.

मी जूनमध्येच तिला घराजवळच्या एका क्लासला घातलं. वर्षाची फी, 14,000 रुपये, एकदम भरली. तिथे रोज नोट्स उतरवून देत. मुलीचं अक्षर सुरेख, वही देखणी झाली, आणि ती वही बघूनच मी खूश होते. पुस्तक उघडतेय का, आकृत्या बघतेय का, हे चार महिन्यांत एकदाही विचारलं नाही.

प्रथम सत्राच्या पेपरात ‘भौगोलिक कारणे लिहा’मध्ये नागपूरला मे महिन्यात उष्णता जास्त का, असा प्रश्न होता. तिने लिहिलं, ‘मे महिन्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ येते.’ शून्य गुण. नोट्समध्ये हेच वाक्य शब्दशः होतं, खाली दोन रेघा मारलेलं. माझं डोकं फिरलं. अर्धी रजा टाकून शाळेत गेले, मुलीला सोबत घेतलं, आणि वही बाईंच्या टेबलावर उघडून ठेवली. बघा, शिकवलेलं बरोबर लिहिलंय, गुण का कापले?

बाई आवाज न चढवता म्हणाल्या, “पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते. तुम्ही कूलर जानेवारीत लावता का?” मला उत्तर देता आलं नाही. मुलगी शेजारी मान खाली घालून उभी होती, दप्तराचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत. सगळ्या स्टाफरूमसमोर तिची चूक मी स्वतः उघडी पाडली होती.

त्याच संध्याकाळी क्लासमध्ये गेले. उत्तर मिळालं की परीक्षेत एवढं चालतं, आणि फी परत मिळत नाही. पैसे गेले त्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मुलीने माझ्यासमोर भूगोलाचं पुस्तक उघडणं बंद केलं. काही विचारलं की “येतंय मला” एवढंच म्हणायची. म्हणून कळकळीने सांगते, कुठलाही क्लास लावण्याआधी त्यांच्या जुन्या मुलांची एक वही मागा, पुस्तकाशेजारी ठेवून दोन पानं स्वतः वाचा. आणि बाईंशी बोलायचं असेल तर मुलाला घरी ठेवून जा.

पुढे जे बदललं ते माझ्या वडिलांमुळे. ते जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले, वर्ध्याकडचे. डिसेंबरात आमच्याकडे राहायला आले होते. नातीला त्यांनी काहीही शिकवायला घेतलं नाही. रंगाच्या रिकाम्या डब्यात ओली वाळू ठासून भरली आणि त्यात लोखंडी गज असा उभा केला की वाळूच्या वर बरोबर एक मीटर राहील. ओळंबा लावून गज सरळ केला, डबा गच्चीच्या मधोमध ठेवला. तारीख 22 डिसेंबर. सावलीचं टोक वाळूच्याच उंचीवर धरायचं म्हणून डब्याशेजारी विटांवर फळी मांडली. साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण.

मुलगी नाखुशीने आली, पण आबांना नाही म्हणवत नाही. बारा वाजले तशी म्हणाली, “झालं, आता सगळ्यात छोटी.” आबा म्हणाले, “थांब ना. काऊन, बाराच वाजता लहान होते असं कोनी सांगितलं तुले?” आणि सावली खरंच अजून आखडत होती. सगळ्यात छोटी झाली बारा वाजून बारा मिनिटांच्या सुमारास. मग आबांचं वाक्य, जे आमच्या घरात आता म्हणीसारखं झालंय, “घड्याळ मिर्झापूरचं हाय, सावली नागपूरची.”

प्रमाण वेळ आणि स्थानिक वेळ हा अख्खा धडा तिला त्या एका वाक्यात कळला. भारताची प्रमाण वेळ 82°30' पूर्व रेखावृत्ताची, जे मिर्झापूरजवळून जातं. नागपूर साधारण 79°05' वर. फरक 3°25', एका अंशाला 4 मिनिटं, म्हणजे 13 मिनिटं 40 सेकंद. त्या दिवशी बाराच मिनिटं आली, कारण पृथ्वीचा कमीजास्त होणारा वेग आणि तिच्या आसाचा कल यांमुळे सूर्याची माध्यान्ह वर्षभर थोडी पुढेमागे सरकते. हा बारकावा शाळेला लागत नाही, पण मुलगा विचारेल म्हणून लिहिलं.

सावलीची लांबी भरली 98 सेंटीमीटर आणि वर थोडी. म्हणजे नागपुरात 22 डिसेंबरला भर दुपारी माणसाची सावली जवळजवळ माणसाएवढी असते. मी इथे चाळीस वर्षं राहते, कधी लक्षात आलं नव्हतं. दुपारी बाराला सूर्य डोक्यावर, हे मी स्वतः तिला लहानपणी सांगितलं होतं.

पुढचं माप 21 मार्चला. वेळ 12 वाजून 21 मिनिटांच्या आसपास, सावली 39 सेंटीमीटरला जरा कमी. आबांनी आलेखाचा कागद दिला. गज दहा सेंटीमीटरचा काढ, सावली 3.9 ची, दोन टोकं जोड, आणि गजाच्या टोकाशी झालेला कोन मोज. तिने कोनमापक लावला, डोळा मिटून नीट पाहिलं. एकवीस आणि थोडं. ती कागदाकडे बघत राहिली, मग आत जाऊन नकाशासंग्रह घेऊन आली. नागपूर, 21°09' उत्तर. त्या दिवशी सूर्य विषुववृत्तावर असतो, म्हणून आपल्या डोक्यावरून तो जितके अंश कललेला दिसतो तितके आपण विषुववृत्तापासून दूर. मला म्हणाली, “आई, हे छापलेलं नाहीये, हे मी काढलंय.” नोव्हेंबरनंतर भूगोलाबद्दल ती आपणहून बोलली ते त्या दिवशी.

तिथे मला समजलं की पोरीचा भूगोल कच्चा नव्हताच, अंश म्हणजे पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन आहे हे तिला कोणी दाखवलंच नव्हतं. तिच्यासाठी 21 हा फोन नंबरसारखा आकडा होता, पाठ करायचा आणि विसरायचा. तुमच्या मुलाला ‘21 अंश उत्तर म्हणजे नेमकं काय’ असं विचारून बघा. हवेत हाताने कोन करून दाखवू शकला तर माझं बाकीचं उत्तर सोडून दिलं तरी चालेल.

डिसेंबरच्या मापाचा असाच त्रिकोण काढला तर कोन 44 आणि 45 च्या मध्ये येतो. त्यातून मार्चचा 21 वजा करा. उरतात साडेतेवीसच्या आसपास अंश, म्हणजेच पृथ्वीच्या आसाचा कल. ऋतू त्या कलामुळे होतात. डिसेंबरात किरण आपल्याकडे तिरपे पडतात, तेवढीच उष्णता जास्त जागेवर पसरते, आणि दिवसही लहान. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सुमारे 14.7 कोटी किलोमीटरवर असते, जुलैच्या सुरुवातीला सुमारे 15.2 कोटी. एवढ्या फरकाने ऋतू ठरत असते तर जुलैत साऱ्या पृथ्वीवर एकदमच हिवाळा यायला हवा होता. दहावीत भारत आणि ब्राझील समोरासमोर अभ्यासायचे आहेत. आपल्याकडे स्वेटर निघतात तेव्हा ब्राझीलच्या बहुतांश भागात उन्हाळा असतो, हे आत्ताच डोक्यात बसलं तर पुढचं वर्ष हलकं जाईल.

मग मे. आजी दरवर्षी म्हणतात, 25 तारखेपासून नवतपा, म्हणजे नऊ दिवसांचं कडक ऊन, पोट्ट्यांना दुपारचं बाहेर सोडू नका. आणि नागपुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो 26 मेच्या आसपास! त्या दिवशी 12 वाजून 10-11 मिनिटांनी आमच्या गजाची सावली वाळूतच विरली, बाजूला काळी रेघसुद्धा राहिली नाही. मुलगी चप्पल न घालता धावत गच्चीवर आली आणि तळपाय भाजून घेतले, ते वेगळं. नंतर 21 जूनपर्यंत सूर्य आपल्या उत्तरेला सरकतो, म्हणून त्या दिवसांत दुपारची छोटीशी सावली दक्षिणेला पडते. जुलैच्या मध्यावर तो परत एकदा डोक्यावरून जातो, पण तेव्हा बहुधा ढग असतात. विषुववृत्त आणि कर्कवृत्त यांच्यामध्ये आपण राहतो म्हणून हे दोनदा होतं. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला, तिथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही.

मात्र मेच्या उष्णतेचं उत्तर लिहिताना एवढ्यावर थांबू नका. समुद्र लांब, जमीन दोन महिने तापलेली, हवा कोरडी, हेही लिहायला लावा. जूनच्या मध्यावर मोसमी पाऊस येतो, म्हणून दिवस सगळ्यात मोठा 21 जूनला असला तरी आपल्याकडचा कडक उन्हाळा मेमध्येच. बाईंनी नंतरच्या परीक्षेत या उत्तराला पूर्ण गुण दिले.

पर्जन्यछायेचा एक गोंधळ आमच्याकडे झाला होता. सह्याद्रीच्या पूर्वेला पाऊस कमी, म्हणून नागपूर त्याहून पूर्वेला म्हणजे अजूनच कोरडं, असं मुलं लिहून टाकतात. तसं नाही. सह्याद्रीच्या लगेच पूर्वेकडचा पट्टा कोरडा, पण विदर्भात पाऊस परत वाढत जातो, कारण बंगालच्या उपसागरावरचे कमी दाबाचे पट्टे इकडे सरकतात. नागपूरला वर्षाला साधारण हजार मिलिमीटरच्या वर, गडचिरोलीकडे त्याहून जास्त.

समोच्च रेषांसाठी नोट्स नकोत, एप्रिलमध्ये मुलाला गोरेवाड्यासारख्या एखाद्या तलावाच्या उतरत्या काठावर न्या. पाणी हटत जातं तशा चिखलावर एकाखाली एक रेघा राहतात. पाण्याची पातळी सगळीकडे सारखी असते, म्हणून त्यातली प्रत्येक रेघ म्हणजे समान उंचीची रेषा. काठ सपाट असेल तिथे रेघा लांब लांब, उभा असेल तिथे चिकटून. परतताना झिरो माइलला थांबा. तिथे समुद्रसपाटीपासूनची उंची 1020.171 फूट दिलेली आहे, म्हणजे साधारण 311 मीटर. 1907 सालची ही सर्वेक्षणाची खूण आहे. भारताचा मध्यबिंदू म्हणून ती प्रसिद्ध असली तरी भूगोलाच्या दृष्टीने खरी कामाची गोष्ट ती उंचीच. आपल्या घराची उंची त्याहून जास्त असेल की कमी, हे नाग नदीच्या वाहण्यावरून ओळखायला सांगा. मुलं छान भांडतात.

एवढं सगळं करून गुण एकदम वाढले नाहीत. वार्षिकला 24 आले, दहावीत 34. पारिभाषिक शब्द पाठ करावेच लागतात. विदारण, खनन, वहन, संचयन यांच्याऐवजी घरगुती शब्द लिहिले तर गुण जातात, आणि ते बरोबरच आहे. पण आधी दिसलं पाहिजे, मग शब्द पाठ होतो. हे माझं ठाम मत आहे, क्लासवाले काहीही म्हणोत.

सूर्याकडे थेट बघू देऊ नका, काळा चष्मा लावूनसुद्धा नाही. फक्त सावलीकडे बघायचं. मेमध्ये टोपी, पायात चप्पल, आणि दहा मिनिटांत खाली.

22 डिसेंबर आता जवळ आलीय. गज हार्डवेअरच्या दुकानात कापून मिळतो, वाळू कुठल्याही बांधकामावर मागितली तर देतात. पाण्याच्या टाकीची सावली दुपारी कुठवर येते ते आदल्या दिवशी बघून डब्याची जागा ठरवा, आमचा पहिला अर्धा तास त्यातच गेला होता. माप 97 ते 100 सेंटीमीटरच्या मध्ये आलं नाही तर मुलाला काही बोलू नका, आधी ओळंबा लावून गज वाकलाय का ते तपासा, आणि सावली पडते ती फळी समपातळीत आहे का ते पाहा. गच्चीला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो, त्यामुळे फळी तशीच टेकवली तर दोन-तीन सेंटीमीटर सहज चुकतात.