मालक चांगला आहे ना? मग लिहूनच घे

प्रिय,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. मालककाकांचा पुतण्या पुण्यात शिकायला येतोय, म्हणून महिनाअखेर घर रिकामं कर. रंगकामाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार, उरलेले 'सवडीने' देणार. हे सगळं त्यांनी जिन्यात उभं राहून, भाजीची पिशवी हातात घेऊन सांगितलं. आणि यावर तुझा प्रश्न काय, तर "काका, त्यांना वाईट न वाटता हे कसं बोलू?" डिपॉझिटचे साठ हजार तुझे अडकलेत आणि वाईट त्यांना वाटू नये, ही काळजीही तूच करतेस! तुझी आई आणि मी एकाच ऑफिसात होतो. तिचं "जाऊ द्या हो" मी पुष्कळ ऐकलंय, त्यामुळे हे कुठून आलं ते कळतं.

मालककाका वाईट आहेत असं मी म्हणत नाही. दिवाळीत फराळाचं ताट दिलं, ताप आला तेव्हा काकूंनी मऊभात पाठवला, सगळं मान्य. पण साठ हजार कधी परत मिळणार ती तारीख फराळाच्या ताटावर लिहिलेली नसते. ती लिहून घ्यावी लागते. माणूस चांगला असेल तर लिहून देताना त्याचं काही बिघडत नाही. लिहून द्यायला कां-कूं करत असेल, तर ते तुला आजच कळलेलं बरं.

आता कराराबद्दल. तू पाठवलेला फोटो पाहिला. पाचशेचा स्टँप पेपर आणि नोटरीचा गोल शिक्का. याला तू 'रजिस्टर्ड ॲग्रीमेंट' म्हणालीस. हा रजिस्टर्ड नाही. रजिस्टर्ड कराराला दस्त क्रमांक असतो, सोबत इंडेक्स २, म्हणजे नोंदणीचा सरकारी गोषवारा, येतो, दोघांचे अंगठे बायोमेट्रिकवर घेतलेले असतात. "अकरा महिन्यांचाच करार आहे, नोंदणी लागत नाही" हे तुला एजंटने सांगितलं असणार, सगळेच सांगतात. देशाच्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला सूट आहे, त्यावरून ही अकरा महिन्यांची पद्धत पडली. पण आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आहे, तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याचं कलम ५५ सांगतं की लीव्ह अँड लायसन्स (भाडेकरूचा हक्क न देता ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी, तुझा आहे तसा) असो की भाडेपट्टा, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मुदत कितीही असो. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि तुझ्या दृष्टीने महत्त्वाचं पुढे आहे: नोंदवलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरायचं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत.

हे वाचून लगेच ताठ होऊ नकोस. कलम ५५ त्यांच्या तोंडावर फेकायचं नाही. तुला ते माहीत आहे एवढं त्यांना कळलं की पुरे.

नोंदणीला खर्च फार येतो म्हणून टाळतात, हीसुद्धा थापच. तुझंच गणित घे. अठरा हजार भाडं, अकरा महिन्यांचे एक लाख अठ्ठ्याण्णव हजार. डिपॉझिटवर दहा टक्के दराने व्याज धरतात, ते वर्षाचे सहा हजार. या एकूण रकमेच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे पाचशे दहा रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. वर थोडं हाताळणी शुल्क, आणि घरी येऊन अंगठे घेणाऱ्याची काय असेल ती मजुरी. तू त्या एजंटला एक महिन्याचं भाडं दलाली म्हणून दिलंस ना? मग त्याला हे करायला लावायचं होतं.

मालक इतके बिचकतात का, तेही समजून घे, नाहीतर प्रत्येक मालक तुला खलनायक वाटेल. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधून टाकली. गिरगावात, दादरला पागडीच्या (सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन घेतलेल्या भाड्याच्या) चाळी वर्षानुवर्षं त्याच भाड्यावर चालल्या. मालकाच्या हातात डागडुजीपुरतेही पैसे येईनात, पण भाडेकरू काढता येईना. मग मालकांनी पळवाट काढली, भाडेकरू म्हणायचंच नाही, 'लायसन्सी' म्हणायचं, म्हणजे नुसत्या परवानगीवर राहणारा. तर १९७३मध्ये सरकारने कायदा बदलला आणि १ फेब्रुवारी १९७३ला जे लायसन्सवर राहत होते ते सगळे संरक्षित भाडेकरू झाले. मालकांच्या पिढीच्या पिढीने तो धसका घेतला. माझे वडील स्वतः पागडीच्या खोलीत राहिले, तेव्हा या कायद्याचं मीठ मीही खाल्लंय. मालकांना शिव्या घालताना मी जरा जपून घालतो.

आज मात्र पारडं फिरलंय, हे तुझ्या पिढीला कोणी सांगत नाही. १९९९च्या कायद्याचं कलम २४ वाच. लायसन्सची मुदत संपली आणि घर सोडलं नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे त्यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, जाऊन ताबा घेऊ शकतो, आणि जितके दिवस राहशील त्याची भरपाई दुप्पट दराने. शिवाय लेखी करारात जे नमूद आहे तो निर्णायक पुरावा. म्हणजे सही करताना न वाचलेली ओळसुद्धा तुझ्यावर बंधनकारक. त्यामुळे "मी सोडतच नाही, काय करायचं ते करा" असलं काही बोलू नकोस. तुझी मुदत फेब्रुवारीपर्यंत आहे. तिथपर्यंत तुझी बाजू भक्कम आहे, त्यापुढे नाही.

आणि तो व्हॉट्सॲपवरचा फॉरवर्ड मला परत पाठवू नकोस, "नवा कायदा, दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही" वगैरे. तो २०२१चा केंद्राचा आदर्श भाडेकरू कायदा. आदर्श म्हणजे नमुना. राज्याने स्वीकारला तरच लागू. आपल्याकडे अजून १९९९चाच चालतो आणि त्यात लायसन्सच्या डिपॉझिटला अशी मर्यादा नाही. तो फॉरवर्ड मालककाकांना दाखवलास आणि त्यांचा कोणी ओळखीचा वकील निघाला, तर पुढे तू खरं बोललीस तरी ते हसतील.

माझी एक गोष्ट सांगतो, तुझ्या आईला ती माहीत आहे. लग्नानंतर आम्ही पेठेत एका वाड्यात राहत होतो. मालकीणबाई प्रेमळ. संकष्टीला आमच्या घरी मोदक यायचे. मी भाडं द्यायला जायचो आणि पावती मागायचो. पहिल्या महिन्यात हसल्या. पुढे "आमच्यावर विश्वास नाही का रे?" सुरू झालं. नंतर मोदक बंद झाले. बायको म्हणायची, कशाला दुखवतोस म्हातारीला? मी मात्र मागतच राहिलो. त्या जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या कागदावर रागारागाने सही करायच्या, मी तो कागद फाइलला लावायचो. त्या गेल्या. तेराव्यानंतर मुलं आली आणि म्हणाली, वर्षभराचं भाडं थकलंय, डिपॉझिट दिल्याचं तर आईच्या वहीत कुठेच नाही. मी फाइल पुढे ठेवली. थोरल्याने एकेक कागद उलटून पाहिला, आईची सही ओळखली, आणि विषय मिटला.

बायको अजून म्हणते, पैसे वाचले पण म्हातारी अबोल्यातच गेली. त्याची रुखरुख मलाही आहे. शेवटी शेवटी त्या ओट्यावर बसलेल्या असायच्या आणि मी शेजारून पुढे निघून जायचो. पण पावती मागायला नको होती का? नाही, मागायलाच हवी होती. त्या बिचाऱ्या खोटं बोलल्या नसत्या. खोटं त्यांची मुलंही बोलत नव्हती, त्यांना खरोखर माहीत नव्हतं. तोंडी व्यवहार बोलणाऱ्याबरोबरच जातो. असो. मी माझीच वकिली करत बसलो.

तर आता तुझं. तुझ्या करारात, तिसऱ्या पानावर, एक महिन्याची लेखी नोटीस दोन्ही बाजूंना आहे. जिन्यातलं बोलणं ही लेखी नोटीस नव्हे. भांडू नकोस, आज रात्री जेवण झालं की हा मेसेज पाठव:

"काका, नमस्कार. आज जिन्यात आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे, तुम्हाला घर रिकामं हवं आहे. करारात एक महिन्याची लेखी नोटीस ठरली आहे, ती कृपया द्यावी. त्या मुदतीत मी घर सोडेन. डिपॉझिटचे ₹६०,०००, वीजबिल वजा करून, किल्ली देताना त्याच दिवशी माझ्या खात्यावर जमा करावेत. रंगकामाची कपात करारात नाही, त्यामुळे ती मला मान्य नाही. आणखी काही वजा करायचं असल्यास बिलासह आधी कळवावं."

एवढंच. 'सॉरी' नको, 'तुम्हाला त्रास देते' नको, हात जोडलेलं चित्र तर मुळीच नको. त्यांचा फोन येईल. गोड बोल, आणि फोन ठेवल्यावर बोलणं जे झालं ते पुन्हा मेसेजमध्ये लिहून पाठव. ते "ठीक आहे" म्हणाले की तो तुझा कागद झाला. भीड ही भिकेची बहीण, हे तुझ्या आजीकडून तू ऐकलंच असशील.

शेवटचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करून घ्या, असं परस्पर ठरवू नकोस. सगळे करतात, आणि मग थकबाकीदार ठरतात. भाडं खात्यावरच भर, शेऱ्यात महिना लिही.

घर सोडताना सामान हलवल्यावर, दिवसाउजेडी, दारापासून सुरू करून सलग एक व्हिडिओ काढ. नळ सोडून दाखव, गीझरचा दिवा, खिडकीची जाळी, भिंतींचे चारही कोपरे, ओट्याखालची पाइपलाइन. खाली जाऊन महावितरणच्या मीटरवरचं रीडिंग, ग्राहक क्रमांकासकट. मग एका कागदावर लिही: अमुक तारखेला, इतक्या वाजता, दोन किल्ल्या परत दिल्या, घर ताब्यात मिळालं, डिपॉझिट इतकं मिळालं, बाकी इतकं, अमुक तारखेपर्यंत. दोघांच्या सह्या. पैसे आले नसतील तर किल्ली हातातच ठेव आणि विचार. किल्ली दिल्यावर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर 'सवडीने' मिळतं.

तू ऑफिसात असताना ते दुसरी किल्ली लावून घरात जातात, हे तू जाता जाता लिहिलंयस. ही जाता जाता सांगायची गोष्ट आहे? मुदत चालू असताना ते घर तुझ्या ताब्यात आहे. येण्याआधी मेसेज करा, मी असताना या, हेही लेखी सांग. समजा उद्या कुलूपच बदललं, वीज-पाणी तोडलं, सामान जिन्यात काढून ठेवलं, तर ते चालत नाही. कृष्णा राम महाले प्रकरणात १९८९मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की राहण्याचा हक्क संपला असं धरलं तरी, प्रत्यक्ष ताब्यात असलेल्या माणसाला मालक कायद्याच्या वाटेनेच बाहेर काढू शकतो. अशी वेळ आली तर ११२ला फोन कर आणि चौकीत लेखी अर्ज दे. तिथे ऐकवतील, "मॅडम, हा दिवाणी मामला आहे." ऐकून घे, पण अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय उठू नकोस. आणि शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईमाणसाला तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, १९८७च्या कायद्याने. तुझा पगार बरा आहे म्हणून संकोचू नकोस.

सोसायटीचा सेक्रेटरी तुझ्याकडे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस मागतो, ते फार मनावर घेऊ नकोस. सभासद स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते हे शुल्क, ते सभासदाने भरायचं असतं, तेही सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच. ते त्यांचं आणि मालककाकांचं बघून घेतील.

पुढचं घर बघशील तेव्हा रविवार ठेव, मी येतो. एजंटला आधीच सांग, नोंदणी झाल्याशिवाय टोकनपलीकडे एक रुपया नाही, आणि टोकनचीही पावती. करारात लॉक-इन (ज्या मुदतीत घर सोडता येत नाही ती) किती, रंगकाम कोणाकडे, मेंटेनन्स कोणाकडे, डिपॉझिट किती दिवसांत, दरवर्षी वाढ किती, हे बघायचं. वाढ 'परस्पर संमतीने' असं लिहिलं असेल तर खोडून आकडा घालायला लाव. पोलीस पडताळणीचा अर्ज मालकाने भरला की त्याची प्रत ठेव. कराराचा मसुदा सहीच्या आधी मला पाठव, सगळी पानं. या वेळी पहिलं आणि सहीचं पाठवलंस, आणि बाकीची मी मागितल्यावर आली. नोटिशीची अट त्यातच होती.

तुझा,
काका

ता. क. : मेसेज पाठवलास की मला फक्त 'पाठवला' एवढं कळव. त्यांचा चेहरा कसा झाला ते सांगू नकोस.