हम्मालाच्या दुखापतीला जबाबदार कोण?

प्रश्न : माझे मेहुणे देवास नाक्याजवळच्या गोदामात हम्माली करतात. पोती उतरवताना ट्रकवरून पडले, टाच मोडली. मालक म्हणतो, "माणूस ठेकेदाराचा, मला काय त्याचं?" ठेकेदार फोन उचलत नाही. (रामबाग, इंदूर)

उत्तर : आधी प्रकृतीचं. उंचावरून पायांवर पडून टाच मोडते, तेव्हा तोच दणका कण्यापर्यंत जातो. टाचेच्या कळांपुढे कंबरेकडे लक्ष जात नाही, म्हणून कण्याच्या एक्स-रेबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारा.

आता मालकाचं. त्याच्याच धंद्याचं काम त्याच्याच गोदामात चालू होतं, त्यामुळे ठेकेदाराच्या माणसाची भरपाईही त्याच्याकडे मागता येते. ठेकेदाराकडून वसुली त्याने मागाहून करावी. हे 1923 च्या भरपाई कायद्यात होतं आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. ईएसआयमध्ये (कामगारांच्या सरकारी विमा योजनेत) नाव असेल तर मात्र पैसे तिथून मिळतात. ते आधी तपासा.

असे दावे अडतात ते पुराव्यापाशी. केसपेपरवर "घरी पडला" असं लिहिलं गेलं की पुढे फार जड जातं. "ट्रकमधून माल उतरवताना पडलो" हेच नोंदवायला लावा, गोदामाच्या नावासकट. बिल्टीचा (ट्रकच्या मालपावतीचा) फोटो, ट्रकचा नंबर, सोबतच्या हम्मालांची नावं आजच लिहून ठेवा. आणि कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा अजिबात नको.

प्रश्न : नवरा 50 किलोची पोती वाहतो, कंबर धरते. पट्टा घ्यावा का?

उत्तर : पट्ट्याने दुखापत टळते असा भक्कम पुरावा नाही. अमेरिकेच्या 'नायॉश' या कामगार-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेने अगदी सोयीच्या स्थितीतही एकट्याने उचलायची मर्यादा 23 किलो धरली आहे. पोतं दोघांनी उचलावं, गाडीवरून न्यावं. जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात न्या.

प्रश्न : आमच्याकडे ट्रकचा फाळका (मागची झडप) उघडताना हम्मालाच्या अंगावर पेटी पडली. चूक त्याचीच, तरी भरपाई द्यायची?

उत्तर : हो. साध्या बेसावधपणामुळे त्याचा हक्क जात नाही. शिवाय चूक त्याची कशी? वाटेत ब्रेक लागून माल सरकतो आणि फाळक्यावर रेलतो. खिटी नेहमीपेक्षा घट्ट बसली असेल तर आत माल टेकलाय असं समजा. फाळका न उघडता वरून थोडा माल काढा, मग बाजूला उभं राहून खिटी सोडा. चाकांना लाकडी ठोकळे लावा, आणि गाडी रिकामी होईपर्यंत चावी ड्रायव्हरकडे न ठेवता मुकादमाकडे ठेवा.