'एजंट कार्टर' ही मालिका इतिहासाला कितपत धरून आहे? १९४६ मध्ये बायका खरंच हेरगिरी करत होत्या का?

मालिकेची नायिका पेगी कार्टर जिथे काम करते ती एस.एस.आर. नावाची हेरसंस्था अमेरिकेत कधीच नव्हती, तेव्हा तो भाग सोडून द्या. युद्धकाळातली खरी अमेरिकन हेरसंस्था ओ.एस.एस. ती राष्ट्राध्यक्ष ट्रूमनसाहेबांनी १ ऑक्टोबर १९४५ पासून बंद केली, आणि सी.आय.ए. उभी राहिली सप्टेंबर १९४७ मध्ये. पहिला सीझन १९४६ चा, म्हणजे बरोबर या दोहोंच्या मधल्या धामधुमीतला. लिहिणाऱ्यांनी जागा हुशारीने हेरली आहे.

पण मी लिहायला बसले ते यासाठी नाही. मी टेलिफोन खात्यात रिटायर होईपर्यंत ऑपरेटर, त्यातली बरीच वर्षं ट्रंक बोर्डावर, म्हणजे परगावचे फोन जोडायला. या मालिकेत हेरांचं ऑफिस टेलिफोन कंपनीच्या मागे लपवलेलं आहे. पुढे हेडसेट लावलेल्या बायका ओळीने बसलेल्या, आणि त्यांच्यातली रोझ माणूस ओळखून आत सोडते. नातवाने पहिला भाग लावून दिला तेव्हा पेगी कार्टरपेक्षा माझी नजर त्या बोर्डावरच होती.

शेजारी माझे धाकटे दीर बसले होते. इंजिनिअर. ऑफिसातले पुरुष पेगीला फायली लावायला आणि जेवणाची ऑर्डर घ्यायला लावतात, ते बघून भाऊजी म्हणाले, "हे जरा जास्तच दाखवलंय." मग रोझकडे बोट करून, "ही बाकी तुमच्यासारखी हं, वहिनी. पिन काढायची, पिन घालायची." हे पिनेचं वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकते आहे.

आमचं एक्स्चेंज पश्चिम महाराष्ट्रातलं, गाव सांगत नाही. आमच्याकडे बायकांना तेव्हा रात्रपाळी नसायची, संध्याकाळची ड्यूटी संपली की पुरुष ऑपरेटर यायचे. एका पावसाळ्यात नदी पुलावरून गेली आणि रात्रीचे लोक पलीकडे अडकले. बोर्डावर आम्ही दोघीच. रत्नागिरीची लाइन घाटात कुठेतरी मेली होती, आणि नेमका एका सरकारी कचेरीतून लाइटनिंग कॉल, म्हणजे सगळ्यांच्या आधी जोडायचा तातडीचा कॉल, आला. रत्नागिरीच हवी, आत्ताच्या आत्ता. लाइन डेड असा टिकिटावर शेरा मारून मोकळं होता आलं असतं. नियमाने कुणी बोट ठेवलं नसतं. मी मुंबईच्या ऑपरेटरला विनवलं. तिची माझी ओळख फक्त आवाजाची, चेहरा आजवर पाहिलेला नाही. मुंबईला चिपळूण मिळत होतं, चिपळूणच्या मुलाने पुढे रत्नागिरी दिली. पण इतके जोड लागल्यावर आवाज असा बारीक झाला की दोन्हीकडचे साहेब नुसते हॅलो हॅलो करत राहिले. मग मीच मध्ये बसून याचं वाक्य त्याला आणि त्याचं याला सांगत गेले. दरड कुठल्या वळणावर, अलीकडे एस.टी. किती अडकल्या, पलीकडे किती, बुलडोझर कुठल्या बाजूने चढणार. टिकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने सगळं उतरवून ठेवत होते, आकडा इकडचा तिकडे व्हायला नको म्हणून. उजाडेपर्यंत हेच. माझी जोडीदारीण बाकीचा सगळा बोर्ड एकटी सांभाळत होती, हेही लिहून ठेवते.

सुपरवायझर रेस्ट रूममध्ये झोपले होते. पुढे शाबासकीचं पत्र आलं ते त्यांच्या नावाने, "व त्यांचे सहकारी". त्यांनी ते फ्रेम करून टेबलामागे लावलं.

पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागात सिनेटर येतो, पेगीच्या ऑफिसातल्या थॉम्पसनची पाठ थोपटतो, आणि थॉम्पसन ते सगळं श्रेय मुकाट खिशात घालतो. काम पेगीचं. भाऊजी नेमके तेव्हा चहा टाकायला उठले. तेव्हा जास्तच दाखवलंय असं निदान मला तरी कुणी सांगू नये.

आता तुमचा दुसरा प्रश्न. हो, करत होत्या. ब्रिटनची युद्धकाळातली गुप्त मोहिमांची संस्था एस.ओ.ई., तिच्या फ्रेंच विभागाने फ्रान्समध्ये ३९ बायका पाठवल्या. त्यातली नूर इनायत खान तर आपल्याला माहीत असायलाच हवी. वडील बडोद्याचे, पणजोबा मौलाबक्ष म्हणजे सयाजीराव गायकवाडांच्या गायनशाळेचे. ती १९४३ मध्ये पॅरिसात वायरलेस चालवत होती, १९४४ मध्ये डाखाऊच्या नाझी छळछावणीत तिला गोळी घातली. अमेरिकेची व्हर्जिनिया हॉल एक पाय लाकडी असताना फ्रान्समध्ये हेरगिरी करून आली आणि पुढे सी.आय.ए. त गेली. तिथे तिच्या कुवतीचं काम तिला फारसं मिळालंच नाही, १९६६ मध्ये वयोमानाने निवृत्त झाली. पेगीला फायली लावायला लावणं यापेक्षा वेगळं काय आहे?

मात्र माझं मालिकेशी भांडण वेगळंच आहे. फायली आणि बोर्ड ही कामं ती स्वतःच हलकी समजते. पेगी टेबल सोडून कुणाच्या तरी नाकावर ठोसा मारते तेव्हा कुठे तिचं "खरं काम" सुरू होतं. खऱ्या १९४६ मध्ये रशियन हेरांचा माग लागत होता तो व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टन हॉलमध्ये, टेबलाशी बसून. रशियनांचे सांकेतिक संदेश उलगडायचं, व्हेनोना नावाचं ते काम १९४३ मध्ये जीन ग्रेबील या शाळामास्तरणीने सुरू केलं, आणि तिथे बहुतेक बायकाच होत्या. ब्रिटनमध्ये शत्रूचे सांकेतिक संदेश फोडायचं केंद्र होतं त्या ब्लेचली पार्कमध्येही चारातल्या तीन बायका. कागद लावा, आकडे जुळवा, पुन्हा लावा. यावर आठ भागांची मालिका कोण बघणार, ते मला कळतं.

आणि ऑपरेटर म्हणाल तर पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये, अमेरिकन सैन्याने दोनशेच्या वर ऑपरेटर मुली फ्रान्सला नेल्या होत्या, आघाडीचे फोन जोडायला. त्यांना सैनिक म्हणून मान्यता मिळाली १९७७ मध्ये, तोवर बहुतेक जणी गेलेल्या. एप्रिल १९४७ मध्ये अमेरिकेत टेलिफोनचा संप झाला, सुमारे साडेतीन लाख लोक, त्यात बायकाच जास्त. मालिकेचा दुसरा सीझन १९४७ चाच आहे, पण त्यात या संपाचा मागमूस नाही. रोझला उचलून लॉस एंजेलिसला एका नाटक-सिनेमाच्या एजन्सीच्या दर्शनी टेबलावर बसवलंय. एका भागात पेगी तिला मोहिमेवर बरोबर नेते, तेवढं मात्र मला आवडलं.

बारीकसारीक गोष्टी त्यांनी चांगल्या जमवल्यात. नाणं टाकून खण उघडायचा आणि जेवण घ्यायचं अशी ऑटोमॅट न्यूयॉर्कात खरोखर होती. पुरुषांना वर मज्जाव असलेली बायकांची हॉटेलंही होती, बार्बिझॉन त्यातलं नावाजलेलं. दुसऱ्या सीझनमधली व्हिटनी फ्रॉस्ट ही नटी-शास्त्रज्ञ हॉलिवूडची नटी हेडी लामार हिच्यावरून घेतलेली आहे, आणि लामारच्या नावावर १९४२ चं पेटंट खरंच आहे. पहिल्या सीझनमधलं न्यूयॉर्क मात्र जवळजवळ सगळं गोऱ्यांचं दाखवलंय, ते काही खरं नाही. दुसऱ्यात मी मधले एक-दोन भाग गाळलेत, त्यामुळे त्याबद्दल माझा शब्द शेवटचा धरू नका. तशी ही मार्व्हलची मालिका आहे, परीक्षेला बसणाऱ्यांनी हिच्यावर विसंबू नये.

बघायची असेल तर पहिला सीझन बघा, आठच भाग आहेत. घरातल्या इंजिनिअरला शेजारी बसवा आणि शेवटच्या भागाला चहा आधीच करून ठेवा, म्हणजे सिनेटर आल्यावर कुणाला उठायला निमित्त नको.