खिडकीतून फेकलं म्हणजे नेमकं काय केलं?

प्रश्न : इंग्रजी पेपरात वाचलं की एका पक्षाने आपल्याच नेत्याला 'डीफेनेस्ट्रेट' केलं. डिक्शनरीत बघितलं तर 'खिडकीतून बाहेर फेकणे'! मग मराठीत कडेलोट म्हणायचं का?

उत्तर : डिक्शनरी बरोबरच आहे. लॅटिनमधे 'फेनेस्ट्रा' म्हणजे खिडकी, जर्मन 'फेन्स्टर' पण त्यातूनच आलाय. पण या शब्दाची खरी मजा प्राग शहरात आहे. २३ मे १६१८ ला, प्रोटेस्टंट चर्चचं बांधकाम बंद पाडलं म्हणून चिडलेले तिथले सरदार प्रागच्या किल्ल्यात घुसले आणि राजाचे दोन कॅथलिक कारभारी, स्लावाता आणि मार्टिनिच, आणि त्यांच्यासोबत बिचारा सेक्रेटरी फाब्रिसियस, तिघांनाही उचलून खिडकीतून खाली टाकलं, जवळपास ७० फूट! आणि तिघंही वाचले. कॅथलिक म्हणाले देवदूतांनी झेललं, प्रोटेस्टंट म्हणाले खाली उकिरडा होता म्हणून वाचले. त्या सेक्रेटरीला तर नंतर सरदारकी मिळाली आणि नावापुढे 'फॉन होहेनफाल' लागलं, म्हणजे 'उंचावरून पडलेला'. पण या भांडणातून जे युद्ध पेटलं ते ३० वर्षं चाललं, त्यात लाखो माणसं मेली, म्हणून इतिहासात ही खिडकी एवढी महत्त्वाची. प्रागमधे १४१९ ला पण असंच झालं होतं, तेव्हा नगरपालिकेतल्या लोकांना फेकलं होतं, ते मात्र वाचले नाहीत.

आता तुमचा कडेलोट. तो कड्यावरून, टकमक टोकावरून, आणि ती दिलेली शिक्षा. इथे खिडकीच पाहिजे, कडा किंवा गच्ची चालत नाही. शिवाय आपल्याकडे कडेलोट आता संयमाचा होतो, नेत्याचा कडेलोट झाला असं लिहिलं तर वाचणारा गोंधळणारच.

पेपरातला अर्थ म्हणजे खुर्चीवरून अचानक हटवणं, आणि बहुतेक वेळा आपल्याच माणसांनी. निवडणूक हरला किंवा स्वतःहून राजीनामा दिला तर हा शब्द वापरू नका. मराठीत मला 'उचलबांगडी' सगळ्यात जवळचा वाटतो, कारण त्यात पण हातपाय धरून माणसाला उचलल्याचं चित्र आहे, अगदी प्रागसारखं. फक्त आपल्याकडे उचलबांगडी जास्त करून बदली झालेल्या अधिकाऱ्याची होते, त्यामुळे पक्षाच्या नेत्यासाठी 'गच्छंती' लिहिलंत तरी चालेल.