कॉम्प्रेसर बदलण्यापूर्वी तो का बिघडला ते पाहा

गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून यंत्रणेत फिरवणारा पंप, घरी बदलता येतो. मात्र पाने हाती घेण्यापूर्वी यंत्रणेतील गॅस गॅरेजमधील रिकव्हरी मशीनने काढून घ्यावा, कारण आर-१३४ए हा एसीतील गॅस हवेत सोडणे पर्यावरणाला घातक असते आणि दाबाखालचा गॅस डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते.

जुना कॉम्प्रेसर आतून झिजून जाम झाला असेल, तर खरे काम तेथूनच सुरू होते. धातूचा चुरा तेलाबरोबर कंडेन्सरपर्यंत (गरम गॅस थंड करणाऱ्या जाळीपर्यंत) पोहोचलेला असतो, आणि आजच्या कंडेन्सरच्या नळ्या इतक्या बारीक असतात की त्या धुऊन पुरत्या स्वच्छ होत नाहीत; म्हणून खर्च कितीही टोचला तरी तो बदलावा, असे माझे मत आहे. रिसीव्हर-ड्रायर (गॅसमधील ओल शोषणारा डबा) व ओ-रिंगा (सांध्यांतील रबरी कड्या) नव्याच घालाव्यात. नव्या कॉम्प्रेसरमध्ये पुष्कळदा तेल आधीच भरलेले असते; ते किती व कोणत्या प्रकारचे आहे हे तपासल्याशिवाय आणखी ओतू नये. जोडणीनंतर कॉम्प्रेसरचा शाफ्ट हाताने दहाएक वेळा फिरवावा, यंत्रणेतील हवा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप किमान ३० मिनिटे चालवून बंद केल्यावर गेजचा (दाबमापकाचा) काटा स्थिर राहतो का ते पाहावे आणि गॅस गेजच्या अंदाजाने नव्हे, तर बॉनेटखालील पट्टीवर दिलेल्या वजनानेच भरावा.