वडील ७२ वर्षांचे, गाडी १२ वर्षं जुनी. फुल इन्शुरन्स ठेवावा की नुसता थर्ड पार्टी?

नुसता थर्ड पार्टी, म्हणजे फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, पुरेल, पण गाडी भंगारात गेली तर दुसरी घ्यायची ऐपत असेल तरच. फुलमध्ये स्वतःच्या गाडीची भरपाई तिच्या आजच्या किमतीपुरतीच मिळते, आणि ती दरवर्षी घसरते. दुसऱ्याला इजा झाली तर मात्र रक्कम कितीही फुगू शकते. तिथे काटकसर नको. मी क्लेमचे कागद बघतो. रिव्हर्स घेताना खांबाला बंपर घासला, असलेच प्रकार फार, आणि त्यासाठी नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, घालवणं परवडत नाही. थर्ड पार्टीतून चालवणाऱ्याच्या स्वतःच्या इजेचं काही मिळत नाही, म्हणून वडिलांचं वैयक्तिक अपघात कव्हर वेगळं घ्या. घेताना वयाची अट तेवढी वाचा. गाडीवर कर्ज असेल तर हे सगळं बाजूला, बँक फुलच मागते.